तीरचिमणीची तीन अंडी

उंच उंच डोंगर. डोंगरावर गवतच गवत. गवतात, अगदी जमिनीवर, इवलंसं घरटं. घरट्यात तीन अंडी. कुणाची? तीरचिमणीची!

तीरचिमणी गेली किडा खायला. येऊन बघते तर काय! घरट्याच्या दारात मेंढी बसलेली. ही एवढी गलेलठ्ठ!

"मेंढीबाई, मेंढीबाई, ऊठ. अंडी माझी गार होतील!"

"बँऽ बँऽ! मीठ खाल्ल्याशिवाय मी नाही उठणार, जा!"

"बरं तर! आत्ता आणते."

तुरुतुरु, तुरुतुरु, तीरचिमणी गेली सिदूमामाकडे. सिदूमामा मेंढ्यांचा धनगर.

"सिदूमामा, सिदूमामा, मीठ दे.
मेंढी उठेना,
दार सुटेना,
अंडी माझी गार होतील!"

"अगं बाई, मीठ झालंय ओलंगच्च! मेंढ्यांना चाटायला दगडावर वाढू कसं? ऊन पडल्याशिवाय मी नाही देणार."

भुर्र भुर्र, तीरचिमणी गेली सूर्यदादाकडे.

"सूर्यदादा, सूर्यदादा, ऊन दे.
मामा मीठ देईना,
मेंढी उठेना,
दार सुटेना,
अंडी माझी गार होतील!"

"मधे धुकं बसलंय ना! ते हलल्याशिवाय मी नाही देणार."

भुर्र भुर्र, तीरचिमणी गेली धुकोबाकडे.

"धुकोबा, धुकोबा, हल.
ऊन पडेना,
मामा मीठ देईना,
मेंढी उठेना,
दार सुटेना,
अंडी माझी गार होतील!"

"वाऱ्यानं ढकलल्याशिवाय मी नाही हलणार."

तुरुतुरु, तुरुतुरु, तीरचिमणी गेली वाऱ्याकडे. वारा गवतात घोरत होता. घुर्र घुर्र!

"वारेदादा, वारेदादा, ऊठ.
धुकं हलेना,
ऊन पडेना,
मामा मीठ देईना,
मेंढी उठेना,
दार सुटेना,
अंडी माझी गार होतील!"

"गाणं ऐकल्याशिवाय मी नाही उठणार."

"एवढंच ना? गाणं तर माझ्याच गळ्यात आहे!"

तीरचिमणी उडाली. वर, वर, आणखी वर! आणि गायली, "चिपचिप चिर्रऽ! चिपचिप चिर्रऽ!"

वारा उठला, सूं सूं!
धुकं हललं, सरसर!
ऊन पडलं, लखलख!
मीठ वाळलं, कुरकुर!
मामानं मीठ वाढलं दगडावर. "या गं, या!"
मेंढी उठली, तडातडा!
दार सुटलं!

तीरचिमणी आत शिरली. अंड्यांवर बसली. ऊबच ऊब!

आणि मग? टक! टक! टक! तीन अंडी फुटली. तीन चोची बाहेर आल्या.

मीठ चाटून मेंढीबाई परत आली. दारात बसायला लागली.

तीरचिमणी म्हणाली, "पलीकडे बस, बाई! इथं आम्ही चौघं राहतो."