वारसांच्या यादीला लागलेला हात

“मग रोज तारीख बदलते कशी?”

शार्दूलनं वही गणपुले सरांपुढे आपटली.

विमा कंपनीच्या मेनफ्रेमवर, म्हणजे सगळ्या नोंदी ठेवणाऱ्या मोठ्या संगणकावर, सरांची हयात गेली होती. त्यांच्याच हाताखाली शिकून शार्दूल आता विभागप्रमुख झाला होता, आणि दोन आठवडे त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकत होती.

“विमेदारांच्या वारसांच्या यादीची फाईल आहे, सर. तिला कुणी हात लावायचं कारणच नाही. पण रोज सकाळी मी ‘शेवटचा वापर’ बघतो, तर आदल्या दिवसाची तारीख! आणि दुपारच्या पाळीला मालनबाई एकट्याच असतात.”

“किती वाजता वापरली?”

“वेळ मशीन ठेवत नाही. फक्त तारीख.”

“कुणी?”

“तिथं नावही येत नाही.”

“यादीत काही बदललंय?”

“अजून तरी नाही. तारीख बघून झाली की मी रोज फाईल उघडतो, एकेक नाव तपासतो. बाई पक्क्या आहेत, सर.”

सर हसले नाहीत. मालनबाईंच्या निलंबनाचं पत्र टेबलावर तयार होतं. अकरा वर्षांची नोकरी, आणि फक्त शार्दूलची सही व्हायची राहिली होती.

“दोन दिवस फाईल उघडू नकोस. मग ये.”

शार्दूलला हे मुळीच पटलं नाही. चोराला मोकळं रान द्यायचं म्हणजे काय? म्हातारा बाईंना सामील तर नाही, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. तरी त्यानं ऐकलं.

तिसऱ्या दिवशी तो तावातावानंच आला.

“तारीख हललीच नाही! बाईंना कुणकुण लागली, सर. तुम्ही तर नाही ना सांगितलंत...?”

सरांनी कीबोर्ड पुढे ओढला. फाईल उघडली, पहिलं पान पाहिलं आणि बंद केली.

“आता बघ.”

शेवटचा वापर... आजची तारीख.

“पण तुम्ही तर काहीच बदललं नाही,” शार्दूल म्हणाला. “नुसती उघडून बघि...”

तो थांबला. रोज सकाळी फाईल उघडणारा माणूस कोण, ते त्याला आठवलं. इतकी लाज त्याला आयुष्यात वाटली नव्हती.

सरांनी पत्र उचललं, मालनबाईंच्या नावावर काट मारली आणि पेन त्याच्या हातात दिलं.

“सही राहू दे. आधी नाव भर.”