ठकू सुईणीनं न सांगितलेलं नाव

फार वर्षांपूर्वी, वाकी नदीवर पूल नव्हता तेव्हा, काठावर ठकू नावाची सुईण राहायची. नेमकी किती वर्षं ते मला विचारू नका. ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. गावातलं प्रत्येक पोर आधी तिच्या हातात आलं आणि मग आईच्या. तिला स्वतःला मात्र मूल नव्हतं. बारशाला ती पाळण्यापासून लांब, उंबऱ्याशी बसायची, असं म्हणतात.

एका वैशाखात भर उन्हात वर घाटात ढगफुटी झाली. गावात थेंबही नाही. वाळूत तुटक डबकी होऊन पडलेली वाकी एकाएकी लाल होऊन गरजत आली. वाळूवरची टिटवीची अंडी गेली. गढुळानं गुदमरलेले मासे तोंडं वर काढून काठाला लागले, खेकडे झाडांवर चढले. करंजाच्या मुळांत पाणमांजरांची बिळं होती, ती पाण्यानं भरली.

पिल्लू वाचतं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं मलाच सांगवत नाही.

ठकूनं कमरेएवढ्या पाण्यात शिरून बिळातून एक पिल्लू ओढून काढलं. ओंजळीत मावणारं, डोळे मिटलेलं. तिनं ते पदराखाली धरलं, आणि तिला पान्हा फुटला, असं म्हणतात.

शेजारची भिवरा बघायला आली. "अगं ठकू, आमची जाळी फाडणाऱ्यांचं पोर पाजतेस? मिशा टोचत नाहीत?"

"टोचतात की. तुला तुझ्या नवऱ्याच्या टोचल्या नाहीत?"

भिवरा हसली आणि घरचा पाळणा घेऊन आली. बाराव्या दिवशी बारसं ठरलं. जिच्या जिच्या बाळंतपणाला ठकू गेली होती, ती प्रत्येक बाई आली. ठकू पहिल्यांदाच पाळण्याजवळ बसली. नाव तिच्या मनात होतंच, पिल्लू सापडायच्याही फार आधीपासून. ती कानाशी वाकली, आणि नदीकडून शीळ आली. बारीक, लांबलचक. पाणी ओसरलं होतं, आणि पिल्लाची आई काठानं बीळ न् बीळ हुंगत फिरत होती.

पाळण्यातून पिल्लानं तिला ओ दिली.

"ऐकू आलं नाही म्हण," भिवरा कुजबुजली. "आम्हीही नाही ऐकलं."

ठकू तशीच वाकून राहिली. मग म्हणाली, "नाव ठेवलं तर मला सोडवणार नाही गं." तिनं पिल्लू उचललं आणि नदीवर नेऊन खडकावर ठेवलं. आईनं ते तोंडात धरलं आणि मागे न बघता पाण्यात गेली.

ठकूचं दूध मात्र आटलं नाही. ती रोज त्या खडकावर बसायची, आणि थेंब पडे तिथलं लाल पाणी निवळत जाई, असं म्हणतात. मला हे खरं वाटतं. पण मला काय, माझ्याच मांडीवर तान्हं आहे, सध्या आईचं काहीही सांगा, खरंच वाटतं.

तिनं कोणतं नाव ठरवलं होतं, ते कुणालाच कळलं नाही. वाकीकाठी आजही बारशाआधी बाळाची आई नदीवर जाते. पाण्याशी वाकते आणि एक नाव घ्यायला लागेल तेवढा वेळ गप्प राहते. कुणाकुणाला जरा जास्तच वेळ लागतो. मागे उभ्या असलेल्या बायका तिला उठायची घाई करत नाहीत.