खिळ्यावरची टाकी

“चाचा, घरात चलता ता दर्यात कित्याक मरता?”

इस्माईलचाचांनी चहा बशीत ओतला.

ते खाडीकाठच्या दर्ग्यात झाडलोट करत. ऐन उमेदीत त्यांनी किनाऱ्यावरच्या निम्म्या होड्यांची इंजिनं उघडली होती. आता हात थरथरायचे, म्हणून पाना सोडून झाडू धरला होता. पण कुणाचं इंजिन अडलं की गाव अजून त्यांनाच उचलून आणायचं. आज रूपेश कुबलने त्यांना स्कूटरवर घालून आपल्या पडवीत आणून बसवलं होतं.

“कोण मरता?” चाचांनी विचारलं.

“इंजिन. दोनदा मेला. दोनदाय खाडीच्या तोंडार. थंयसर वल्हवत गेलो, चालू केल्यार दोन मिनटांत गप.”

होडीच्या पाठीला लटकवायचं ते इंजिन रूपेशने जुनंच विकत घेतलं होतं. पडवीत पसरून तीनदा उघडलं, तीनदा जोडलं. पिस्टन नवा, रिंगा नव्या, कार्बोरेटर घासून लख्ख. स्वयंपाकघरातले डबे नटबोल्टांनी भरले आणि बायको बोलेनाशी झाली, तरी गडी हटला नाही. आयटीआय पास होता ना. थोरला भाऊ बाबी चौथीतच शाळेला रामराम ठोकून वल्ह्यावर बसलेला. तो नुसता डोकावला तरी रूपेश म्हणायचा, “दादा, हात लावू नको. तुका ह्यातला समजाचा नाय.”

दुसऱ्यांदा इंजिन मेलं तेव्हा हा बाबी होडीत होता. त्या दिवसापासून त्याने होडीत पाय ठेवला नव्हता. उद्या तो दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून निघणार होता, तसा निरोप वहिनीने आणला होता. एकट्याने होडी वल्हवता येते, जाळं ओढता येत नाही. आणि भावाशिवाय होडीत बसायची रूपेशला सवयही नव्हती. इंजिन आज दुरुस्त झालं तर दादा थांबेल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

“चालव,” चाचा म्हणाले.

पाण्याने भरलेल्या पिंपात इंजिन उभं केलेलं होतं. रूपेशने दोरी ओढली. पहिल्याच झटक्याला ते लागलं.

चाचांनी डोळे मिटले. बराच वेळ ऐकलं...

“बरा चलता.”

“घरात चलताच, चाचा.”

“मग खोट दर्यातच आसा.”

म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं, असं चाचा आपल्याला म्हणतायत, की खरंच दर्याला म्हणतायत? रूपेशला उमगेना. प्लग बदल म्हणतील, टायमिंग बघ म्हणतील, असं त्याला वाटलं होतं. चाचा इंजिनाकडे बघतसुद्धा नव्हते. ते बघत होते वर, पडवीच्या खांबाकडे. तिथे खिळ्याला पेट्रोलची टाकी टांगलेली होती आणि तिची नळी खाली इंजिनात गेली होती.

“ती थंय कोणी टांगली?”

“मीच. खाली सगळो पसारो. जागा खंय आसा?”

“होडयेत खंय ठेवतंस?”

“खाली. पायाकडे.”

चाचा गुडघ्यावर हात देऊन उठले. टाकीला हात घातला. हात थरथरत होते, आतलं पेट्रोल डचमळलं. रूपेश मदतीला धावला, तर त्यांनी मान हलवली. टाकी त्यांनी खाली आणली, पिंपाजवळ जमिनीवर ठेवली आणि पुन्हा बाकावर जाऊन बसले.

इंजिन चालूच होतं.

एक मिनिट गेलं. दुसरं गेलं...

इंजिन खोकलं. मग मेलं.

रूपेश दोरीकडे झेपावला.

“रवांदे,” चाचांनी त्याला थांबवलं.

“म्हणजे... तुमी टाकी खाली ठेवलात म्हणान?”

“होय.”

रूपेश डोकं धरून बसला. खालच्या टाकीतलं पेट्रोल ओढून घ्यायचं काम पंपाचं. घरी ते वरून आपसूक उतरत होतं, म्हणून इंजिन नेहमी चालायचं, आणि चालायचं म्हणून तीन खेपांत त्याने सगळं उघडलं, पण पंपाकडे ढुंकून पाहिलं नाही. त्याला हायसं वाटलं. पण ते काही क्षणच. मग त्याच्या कपाळावर आठी चढली.

“पण चाचा... पंप मेललो, तर त्या दिवशी आमी घराक कसे इलो?”

“ता तू सांग.”

“मी चालू केलंय. दोरी ओढून ओढून हात सोलले. मग लागला, ता जेटीपर्यंत बंद पडाक नाय.”

“आणि बाबी?”

“दादा घाबरलो होतो.”

“घाबरान काय करी होतो?”

“काय करतलो? लाटो आडव्यो येय होत्यो, आणि ह्यो फळयेर गुडघे टेकून बसलो. टाकी उचलून खांद्यार घेतल्यान. मी ओरडलंय, खाली ठेव, वल्ह्याक बस, भित्र्या. ऐकाकच नाय. जेटी येयसर तसोच... पाऊण तास...”

रूपेश थांबला.

भरलेली टाकी. पाऊण तास. आणि जेटीवर उतरल्यावर चार माणसांत आपण त्याची नक्कल करून दाखवली होती, टाकीला मिठी मारून. सगळे हसले होते. बाबी गप होता. आठवून रूपेशला स्वतःची शरम वाटली, एवढी की चाचांकडे बघवेना.

“त्येका... म्हायत होता?”

चाचांनी बशी तोंडाला लावली.

“मग बोललो कित्याक नाय?”

“तू इचारलंस?”

रूपेशने नकळत पाना उचलला. हाताला काहीतरी काम हवं होतं. तो पंपाचा पहिला बोल्ट सैल करू लागला, तेवढ्यात चाचांचा हात पान्यावर येऊन थांबला.

“ह्या दहा मिनटांचा काम. मागसून कर.”

“मग आधी काय करू? दादाक सांगू, पंप बिघडललो म्हणान? की माजा चुकला म्हणू? काय सांगू तरी काय, चाचा?”

चाचांनी वाकून चपला शोधल्या, एकेक पायात सरकवल्या.

“सांगू नको कायच. खांदो अजून दुखता काय, तेवढा इचार.”