विश्वंभररावांची कोनशिला

विश्वंभरराव गुळवे आधी वकील होते, मग आमदार झाले आणि उतारवयात न्यायाधीशाच्या खुर्चीत बसले. तीन तीन कामं केली, पण स्वतःचं नाव ऐकायची हौस काही फिटली नाही.

एके दिवशी त्यांच्यापुढे ठकूबाई परटीण उभी राहिली. माळावरची सरकारी कोनशिला उचलून नेऊन ती नदीवर त्या शिलेवर धुणी धुते, असा आरोप होता. पुरावा म्हणून शिलाच कोर्टात आणली होती. साबणानं लखलखीत झालेली अक्षरं साहेबांनी मोठ्यानं वाचली, "सरकारी दवाखाना. कोनशिला, आमदार विश्वंभरराव गुळवे यांच्या हस्ते."

साहेबांचा पारा चढला. "माझ्या नावावर गावाची धुणी आपटलीस? किती वर्षं?"

"अकरा, साहेब. त्याच्या आधी नऊ वर्षं ती माळावर नुसतीच पडून होती. शेरडं अंग घासायची तिला."

साहेबांच्या अंगातला वकील उसळला. "ते मला सांगू नकोस! ही शिला दवाखान्याच्या भिंतीतली आहे. आजच्या आज त्या भिंतीत नेऊन बसव, नाहीतर तुरुंगात जा!"

ठकूबाईनं पदर खोचला आणि शिलेला हात घातला.

"ही निघाले, साहेब. भिंत तेवढी दाखवा."

साहेबांच्या अंगातल्या वकिलानं आमदाराकडे पाहिलं आणि आमदारानं न्यायाधीशाकडे. साहेबांनी चष्मा पुसला आणि निकाल दिला, "भिंत उभी राहीपर्यंत शिला आरोपीच्या ताब्यात राहील."

आता ठकूबाईची सून त्याच शिलेवर धुणी धुते.