दोनदा ओली झालेली सहाण

पुष्कळ जुनी गोष्ट आहे, पाखरं माणसांशी बोलत होती तेव्हाची. वैद्यबुवा असायचे दूर राजधानीत. खेड्यात औषध म्हणजे फडताळातली मुळ्याफळांची एक पुरचुंडी आणि सहाण, म्हणजे उगाळायचा गुळगुळीत दगड.

अशाच एका गावात एका घरी दोन जावा राहायच्या. धाकटीच्या मांडीवर सहा महिन्यांचं बाळ. थोरलीला मूल नव्हतं, पण बाळ हसायचं ते आधी तिच्याकडे बघून.

रोज सकाळी थोरली बाळगुटी करायला बसायची. सहाणेवर आईच्या दुधाचे थेंब टाकायचे आणि एकेक जिन्नस धरून गोल फिरवायचा. हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, हिरडा, शेवटी खारीक. कशाचे किती वेढे द्यायचे ते ठरलेलं. जायफळाचा मात्र अर्धाच. "जायफळानं झोप चढते, तिथं हात आखडता हवा," थोरली म्हणायची. ती उगाळायची, धाकटी बोटानं चाटवायची. मग सहाण धुऊन भिंतीला उभी करायची.

घराच्या वळचणीला एक साळुंकी होती. कुणाची भाकरी करपली, कुणाची चूल उशिरा पेटली, सगळी खबर तिला. थोरली तिला केरसुणी दाखवायची. "तुला गं कशाला नसत्या चौकशा?"

"शेजारीण आहे मी," साळुंकी म्हणायची. "शेजारणीनं नाही बघायचं तर कुणी?"

एक दिवस जावांचं बिनसलं. ताकाच्या मडक्यावर झाकण ठेवायचं कोण विसरलं, एवढ्यावरून. मांजर ताक पिऊन गेलं आणि जाताना घरातलं बोलणंही घेऊन गेलं. आता थोरलीला काही सांगायचं झालं की ती गाईला सांगायची, "चुलीवरचं कुणीतरी उतरवा म्हणावं." धाकटी खांबाला उत्तर द्यायची, "कधीच उतरवलंय म्हणावं." गाय बिचारी दोघींकडे बघत रवंथ करायची.

आणि गुटी? थोरलीला वाटलं, ही रुसून बसलेली, पोराला गुटी कोण देणार? धाकटी पाण्याला गेली की ती गुपचूप उगाळायची. आईचं दूध मागायची सोय उरली नव्हती, म्हणून उकळून निवलेल्या पाण्यात. धाकटीला वाटलं, ही आता माझ्या बाळाचं कशाला करतेय? थोरली गोठ्यात गेली की तीही उगाळायची. दोघीही सहाण धुऊन जागच्या जागी ठेवायच्या.

बाळ जास्त झोपायला लागलं. बायका म्हणायच्या, "गुणाचं आहे हो, आवाज म्हणून नाही." दोघी मनातल्या मनात आपलीच पाठ थोपटून घ्यायच्या.

मग एका सकाळी बाळ फार किरकिरलं. हिरड्या शिवशिवत होत्या त्याच्या. जरा निजेल म्हणून थोरलीनं जायफळ थोडं जास्त फिरवलं. पुढं धाकटीनंही तेच केलं.

दुपार झाली तरी बाळ उठेना. पाजायला घेतलं, तर ओठ हलेनात. हाका मारल्या, टाळ्या वाजवल्या, मान आपली लुळी. धाकटीनं हंबरडा फोडला आणि आळी गोळा झाली. कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं वारं गेलं अंगावरून. एकीनं मीठमोहरी ओवाळून टाकली.

शेवटी म्हातारी सुईण आली. तिनं बाळाचं कपाळ पाहिलं, पोट चाचपलं. "ताप नाही, पोटही मऊ आहे. पण असं निपचित पडलंय, म्हणजे डाग द्यावा लागेल. विळा तापवा."

त्या काळी बाळाच्या पोटावर तापल्या लोखंडाचा डाग देत. विळ्याचं टोक निखाऱ्यात लाल व्हायला लागलं.

"गुटी काय दिली होती?" सुईणीनं विचारलं.

"नेहमीचीच," धाकटी हुंदके देत म्हणाली. जायफळाचं तिच्या ध्यानातही नव्हतं.

थोरली खांबाला टेकून उभी, तोंडात पदराचा बोळा. आपणही दिली हे सांगितलं, तर ही म्हणेल, हिनंच माझ्या बाळाला काहीतरी केलं. तिनं बोळा आणखी आत दाबला.

तेवढ्यात वळचणीवरून आवाज आला, "आज सहाण दोनदा ओली झाली."

"हाकला गं त्या भोचक पाखराला," कुणीतरी म्हणालं.

"थांबा," सुईण म्हणाली. "काय म्हणालीस?"

"रोजच दोनदा होते. एकदा धाकटी पाण्याला गेल्यावर, एकदा थोरली गोठ्यात गेल्यावर. आज जायफळावर दोघींचाही हात रेंगाळला."

थोरलीनं खांब सोडला. दारात गाय उभी होती, पण तिच्याकडे न बघता ती थेट धाकटीला म्हणाली, "अगं, मीपण देत होते. पोराला मिळत नसेल म्हणून."

"मला वाटलं, तुम्ही सोडलंत, जाऊबाई."

सुईणीनं विळा उचलला आणि पाण्याच्या घंगाळात बुडवला. चर्र झालं. "याला रोग नाही. झोप चढलीय. आता काही म्हणजे काही देऊ नका, माझंसुद्धा औषध नको. उभं धरा, तळव्यांना गार पाण्याचा हात लावा, निजू देऊ नका."

एकीनं धरलं, दुसरीनं तळवे ओले केले. हात भरून आले की अदलाबदल. आळीतलं कुणी घरी गेलं नाही.

दिवेलागणीला बाळानं नाक मुरडलं. मग कपाळाला आठी घातली. मग असं भोकाड पसरलं की गाईनं दावं ओढलं. एरवी बाळ रडलं की आळी म्हणायची, गप्प करा गं त्याला. त्या संध्याकाळी सगळी आळी ओट्यावर बसून ते रडणं कीर्तन ऐकावं तशी ऐकत होती.

"काय कर्कश आवाज आहे," थोरली डोळे पुसत म्हणाली. "अगदी तुझ्यावर गेलाय."

"ताकाचं मडकं तुम्हीच उघडं टाकलं होतं," धाकटी म्हणाली.

"हो गं बाई, मीच."

दुसऱ्या सकाळी सहाण पुन्हा दोघींच्या मध्ये आली. एक उगाळायची, एक चाटवायची, आणि एखादे दिवशी एकटीवरच काम पडलं तर ती आधी घरभर ऐकू जाईल असं विचारायची, "गुटी झालीय का?" केरसुणी कोपऱ्यातच राहिली आणि वळचणीखाली रोज मूठभर तांदूळ पडायला लागले.

तेव्हा लेकरांनो, आणि लेकरांच्या आयांनो, रुसायचं तर खुशाल रुसा, पण एवढं ध्यानात असू द्या: एकमेकांना न विचारता दिलेलं औषध, कितीही मायेनं दिलेलं असलं, तरी बाधतं.