न धुतलेली चकती

जनावरं आपले आवाज डिस्कवर जपून ठेवत, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट. सुतारपक्षी डिस्क जोडायचा. डिस्कच्या आतली, आवाज धरून ठेवणारी चकती खार आणि मुंगूस घासून, धुऊन द्यायचे.

एकदा मागणी वाढली. सुतारपक्षी म्हणाला, “आधी देईल त्याचाच माल घेईन.” खारीने धुणं टाळलं आणि चकत्या पोचवल्या. “मुंगूसभाऊ, तुम्ही बसा धूत!” ती जाताना हसली.

पुढे एक हरिणी रडत खारीकडे आली. चकतीवरच्या धुळीच्या कणाने तिच्या मेलेल्या पाडसाचा आवाज खरवडून टाकला होता.

“धाकट्याचा आवाज तरी राहू दे, खारताई. या वेळी चकती तुम्हीच निवडून द्या.”

खारीला वर बघवेना. “ती चकती मी धुतलीच नव्हती,” ती कशीबशी म्हणाली आणि हरिणीला मुंगसाच्या दारी घेऊन गेली.