पाच वर्षांचा भाव

सावंतवाडीच्या बालवाड्यांसाठी खेळणी निवडणाऱ्या समितीची मी अध्यक्षा होते. समितीतील व्यापारी नाना शिरसाट चिनी खेळणी निम्म्या भावाने देत होते. ती घेतली असती, तर मंगेश चितारींचा लाकडी खेळण्यांचा कारखाना बंद पडला असता.

"बाई, बाजार भावनेवर चालत नाही," नाना हसून म्हणाले.

"मान्य. हाच भाव पाच वर्षे राहील, असे लिहून द्या."

"ते कसं देऊ? तिथलं सरकार कारखान्यांना पैसा पुरवतंय, तोवर हा भाव. इथले कारखाने बंद पडले की वाढणारच."

"म्हणजे ही स्वस्ताई मंगेशचा कारखाना आपल्या हातून बंद पाडण्याची मजुरी झाली, नाना, आणि तीही एकदाच मिळणारी."

खेळणी मंगेशकडूनच घेण्याचे ठरले. अनुमोदन नानांनी दिले.